वेषवीर

नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत, मग ती सिडकोतली असो की गंगापूर रोडवरची, हा एक तरी असतोच. वय चौदा ते सतरा. खिशात तीनशे रुपये आणि डोक्यात जपान. मिक्सर कुठल्या कंपनीचा घ्यावा असं घरात चाललेलं असलं, तर हा मान वर न करता सांगतो, "ज्याचं खोकं जाड आहे तो."

त्याच्या वयाची बाकीची पोरं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघतात आणि झोपतात. हा कॉस्प्लेवाला, म्हणजे त्यातल्या पात्रांचे पोशाख स्वतः बनवून घालणारा. हा मधेच चित्र थांबवतो आणि नायकाच्या खांद्यावरच्या चिलखताला किती तुकडे आहेत ते गणिताच्या वहीत मांडून ठेवतो. गणित त्या वहीत त्यानंतर फारसं येत नाही. घरातल्या कुठल्याही वस्तूकडे तो सरळ बघत नाही. पाहुणे ज्या पाटावर बसलेत तो पाट त्याला ढाल दिसतो. निफाडचे मामा जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षं घेऊन आले, की सगळे द्राक्षांवर तुटून पडतात आणि हा खोक्यावर. निर्यातीच्या खोक्याचा पुठ्ठा दुकानातल्या खोक्यापेक्षा दणकट असतो, हे ज्ञान या घरात फक्त त्याला आहे. लासलगावच्या कांद्याची लाल जाळीची गोणीही तो टाकू देत नाही. तिची दुहेरी घडी मुखवट्याच्या डोळ्यांना आतून लावली, की आपल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्यांना आपले डोळे दिसत नाहीत.

पहिलं हेल्मेट त्याने थर्माकोलचं केलं होतं. रात्र रात्र जागून कोरलं, घासलं आणि सकाळी गच्चीत नेऊन वर चंदेरी स्प्रे मारला. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता हेल्मेटची टोपी झाली, टोपीची वाटी झाली, आणि मग नुसता चंदेरी चिकटा उरला. तेव्हापासून तो फोमवर आला. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात ना, एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चटया, तोच ईव्हीए फोम. छातीच्या चिलखताला १० मिलिमीटर, वळणाच्या जागी ६. फोमला बाक द्यायचा तर तो तापवावा लागतो. हॉट एअर गनला पैसे नाहीत, म्हणून वडिलांची इस्त्री. नंतर वडील एक दिवस पाठीवर काळा डाग घेऊन बँकेत गेले. शिपायाने सांगितलं तेव्हा कळलं.

मापं घेण्याची पद्धत तर बघण्यासारखी. धाकट्या भावाला जुना टी-शर्ट घालायचा, त्यावर गळ्यापासून कमरेपर्यंत ब्राउन टेप गुंडाळायची, मार्करने रेषा मारायच्या आणि पाठीकडून कात्रीने टरटर कापून सगळा साचा उतरवायचा. एकदा नेमकी कात्री सापडेना आणि मावशी आली. पार्सल झालेल्या पोराने वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच नमस्कार केला.

मग रंग. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळवून. नाही तर फोम रंग पितो. शेवटी खाचांमध्ये काळा रंग भरायचा आणि फडक्याने लगेच पुसायचा, की कालची चटई शंभर लढाया लढलेलं लोखंड दिसू लागते. भंगारवाले जुन्याला नवं करतात, हा नव्याला जुनं करतो.

यातलं शिवणकाम कुणी करायचं हे सांगायला नको. आई आधी "दहावीचं वर्ष आहे" म्हणते, मग मशीनवरचं कव्हर काढते. ब्लाउजच्या उरलेल्या अस्तरांतून तिने शिवलेला झगा बाकीच्या सगळ्या पोशाखापेक्षा सरस असतो. हा मात्र मित्रांना सांगतो, "पूर्ण स्वतः बनवलंय, भो!"

ॲनिमेतल्या नारुतोचा नारिंगी पोशाख घालून तो पहिल्यांदा जिना उतरला, तेव्हा खालच्या काकूंनी पाइपलाइनवाला समजून गॅसचा मीटर दाखवला. मुंबईच्या कॉमिक कॉनला जाताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये चार फुटी तलवार मांडीवर आडवी धरून उभ्या डब्याचा रोष ओढवून घेतला. टीसीने तलवार दाबून बघितली, ती दबली, मग तिकीट मागितलं.

लोक म्हणतात, ही फॉरेनची थेरं. माझं मत उलटं आहे. अख्ख्या रामायणात वेषांतराची गर्दी झाली ती आमच्या पंचवटीत. शूर्पणखा सुंदरी होऊन आली, मारीच सोन्याचं हरीण झाला, रावण गोसावी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंक्यांना रामही केलं आणि सीताही. बजेटचं कॉस्प्ले याहून वेगळं काय असतं? पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं नाचतात. आणि जुन्या नाशकात धुळवडीला घरोघरचे वीर गोदावरीवर निघतात, बाशिंग बांधलेल्या दाजीबा वीराची मिरवणूक निघते, तेव्हा राम, कृष्ण, खंडोबा झालेली चिमुरडी पोरं रस्ताभर असतात. त्यांना कुणी थेरं म्हणत नाही.

यंदा याच्या चुलतभावाला खंडोबा व्हायचं होतं. बाजारातला मुकुट पोराच्या डोक्यावरून नाकावर घसरत होता. आजीने याला हाक मारली. फोम, इस्त्री, फेविकॉल, सोनेरी रंग. संध्याकाळपर्यंत मुकुट तयार, आतून मऊ, आणि नाचतानाही न हलणारा. आजीने मुकुटाला हळदकुंकू लावलं. याने त्याचे सतरा फोटो काढले.

तर वाचकहो, सुटी लागली की असा एखादा तुमच्याही दाराची बेल वाजवील आणि फ्रिजचं खोकं आहे का म्हणून विचारील. असलं तर देऊन टाका. कशाला हवं, एवढं मात्र विचारू नका. दोन तास जातात.