घर ते दवाखाना

चंद्रपुरात जुनी गाडी घ्यायला गेलात तर ती डॉक्टरचीच निघते. दुसऱ्या कोणाची गाडी या शहरात विकायला येतच नाही. नागपूर रोडवर ओळीनं लावलेल्या गाड्यांपुढं जरा रेंगाळा, लगेच एक पोरगा येतो, बाहीनं बॉनेट पुसतो आणि सांगतो, "डॉक्टर साहेबाची हाये भाऊ. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. कुठी गेलीच नाही जी." बाजूची? तीही डॉक्टरची. तिच्या बाजूची? "ते लेडी डॉक्टरची. मॅडमनं चौथा गिअर पाह्यलाच नाही."

मास्तर गाडी विकत नाही. तलाठी विकत नाही. ठेकेदार विकत असेल, पण तसं सांगून विकत नाही. ती त्यानं स्वतः बांधलेल्या रस्त्यावरून चाललेली असते, आणि हे एकदा कळलं की गिऱ्हाईक भंगाराचा भाव सांगतं.

आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी अशीच एक डॉक्टरची गाडी घेतली आणि तिच्यातून एकट्यानं देश पालथा घालायचं जाहीर केलं. ही मंडळी तुम्हाला ठाऊक आहेत. पन्नाशीला टेकलेली, मुलगा पुण्यात, घराचा शेवटचा हप्ता फिटलेला, रात्री एकपर्यंत अंथरुणात लेहच्या रस्त्याचे व्हिडिओ पाहत पडलेली. काश्मीर ते कन्याकुमारी, सोलो. म्हणजे बायकोला न्यायचं नाही. बाकी लाइव्ह लोकेशन कॉलनीच्या ग्रुपवर, चुलतभावांच्या ग्रुपवर आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर.

गाडी २०१३ ची आणि मीटरवर ४१ हजार किलोमीटर. बारा वर्षांनी भागलं तर रोजचे नऊ किलोमीटर आणि वर चिल्लर. घरून दवाखाना साडेचार, दवाखान्यातून घर साडेचार. रविवारीसुद्धा. दिवाळीतसुद्धा. भाजी आणायची नाही, पोरांना शिकवणीला सोडायचं नाही. मेव्हणीच्या लग्नाला नागपूरला जाऊन आला की तीनशे किलोमीटर झाले. ते भरून काढायला पुढचा महिनाभर दवाखान्यात पायी. असा डॉक्टर खरंच कुठं असेल तर मला पत्ता द्या, माझं बीपी मी त्यालाच दाखवीन. गंमत म्हणजे एवढ्याशा प्रवासात ब्रेकच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालं होतं आणि स्टिअरिंगवर तळहाताच्या जागी आरशासारखी चमक आली होती. वाटेत पेशंट दिसला की ब्रेक मारत असेल.

आरसीवरचं नाव पाहिलं तर त्याच्या मागंपुढं 'डॉ.' कुठं नाही. गृहस्थांनी भीत भीत विचारलं. पोरगा म्हणाला, "पीएचडी असंल." मग पीएचडीवाला रोज दवाखान्यात कशाला जात होता? पोरगा जराही थांबला नाही. "तब्येत बरी नसंल जी." यावर आमचे गृहस्थ समाधान पावले. तुम्ही हसाल, पण बारा वर्षं रोज दवाखान्यात जाणाऱ्या माणसाची गाडी त्यांना डॉक्टरच्या गाडीइतकीच निर्धोक वाटली. कारण दोघंही दुसरीकडं कुठं जात नाहीत.

पुढचा बंपर, डावा हेडलाइट आणि बॉनेटच्या बिजागऱ्या नव्या होत्या. "अपघात नाही जी, डुक्कर आडवं आलं होतं." हे मात्र मी मान्य करतो. आमच्या भागात रानडुक्कर, चितळ आणि रोही यांचा हिशेब अपघातात धरत नाहीत. दिवस बुडाल्यावर मूल रोडनं गाडी चालवणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. रंग आरसीवर पांढरा लिहिलाय. गाडी मधली काही वर्षं घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत होती, त्यामुळं याबाबतीत आरसीवरच विसंबावं लागतं.

कायदा म्हणाल तर चोख आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यालाही परवाना लागतो, आणि त्याच्या ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती किलोमीटर नेली याची इलेक्ट्रॉनिक वही ठेवावी लागते. म्हणजे मालकानं बारा वर्षं गाडी कुठं हिंडवली याची वही नाही, विक्रेत्यानं ती धुवायला कुठं नेली याची आहे. मीटरवरचा आकडा तर लॅपटॉप जोडून चहा होईपर्यंत मागं आणून देणारी पोरं गावोगाव बसलेली आहेत. गृहस्थांनी विचारलं होतं, एवढा देश फिरून आल्यावर विकताना किंमत पडेल का? विक्रेत्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी बिनधास्त जा. वापस आल्यावर आपला पोरगा हाये."

आता तयारी पाहा. टायरात हवा भरायचा पंप, बॅटरीला जोडायच्या तारा, टो करायचा पट्टा, डॅशकॅम, दोन पॉवर बँका, सुकामेवा, थर्मास, आणि गाडीतच झोपायची वेळ आली तर एक फुगवायची गादी. मार्ग ठरलेला: वरोरा, जाम, तिथून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा, नागपूर, शिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, दिल्ली, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर. मग लेह. मग उमलिंग ला, १९,०२४ फूट, जिथं माणसालाच नव्हे तर इंजिनालाही धाप लागते. मग उलट फिरून थेट कन्याकुमारी. मागच्या काचेवर डॉक्टरचा लाल क्रॉस होता तो त्यांनी खरवडला नाही. टोलवर बरं पडतं म्हणाले, पोलीसही फार विचारत नाहीत. वास्तविक १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याप्रमाणं ते चिन्ह सरकारच्या परवानगीशिवाय कोणालाच वापरता येत नाही, डॉक्टरलाही नाही. पण ते गाडीबरोबर आलंय, स्टेपनीसारखं.

मी म्हटलं, एवढ्या लांब जायच्या आधी गाडीची परीक्षा घ्या. बल्लारपूर, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी, आलापल्ली, तिथून भामरागड. मुक्काम करा, सकाळी परत या. गाडीत काय दम आहे ते एका फेरीत कळेल.

गृहस्थांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना नरभक्षक वाघाच्या गुहेत चटई टाकायला सांगतोय. "तिकडं? एकट्यानं?"

हेच गृहस्थ झोजिला एकट्यानं चढणार आहेत. उमलिंग लाला एकट्यानं जाणार आहेत, जिथं श्वास घ्यायला हवा पुरत नाही. आणि शेजारचा जिल्हा, जो २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होता, तिथं जायला यांना सोबत पाहिजे. "रस्ता खराब आहे हो," ते म्हणाले. "गाडीची वाट लागेल. आणि उद्या विकताना काय सांगू? गडचिरोलीत चाललेली गाडी कोण घेतं?" विक्रेत्यानं त्यांना गाडी देताना हेच सगळ्यात ठासून सांगितलं होतं म्हणे. एमएच ३४ आहे, एमएच ३३ नाही. डॉक्टर साहेबांनी कधीच, एकदासुद्धा, गडचिरोलीकडं नेली नाही.

इथं मात्र माझं डोकं फिरलं. डॉक्टरची गाडी गडचिरोलीला कधी गेली नाही, ही तिची थोरवी! बाजारात याचे वीस-पंचवीस हजार जास्त मिळतात! १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा, थोडं दाटीवाटीनं बसवले तर चार गोवे बसतील असा, आणि त्याबद्दल सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेली गोष्ट एकच की तिथं बदली होते. कामचुकार कर्मचाऱ्याला धमकी द्यायची तर गडचिरोलीची. वरच्याला सलाम ठोकला नाही तर गडचिरोली. ज्याला आपल्या तालुक्यात ठेवायची लाज वाटते तो माणूस तिथल्या लोकांची सेवा करायला पाठवायचा, आणि तो तिथं रुजू होऊन दुसऱ्या दिवशी रजेवर गेला की, तिथं कोणी टिकत नाही, असं म्हणून मान हलवायची. दर पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहते आणि भामरागड तुटतं. ही बातमी इतक्या वर्षांची सवयीची आहे की तिच्यात फक्त तारीख बदलावी लागते. गावात ताप आला की खाटेला बांबू बांधायचे, चार जणांनी खांद्यावर घ्यायची आणि चिखल तुडवत डांबरी रस्ता लागेपर्यंत चालायचं. २०२४ च्या जुलैत याच आलापल्ली-भामरागड रस्त्याच्या बाजूला एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटात बसवून पाण्यापलीकडं न्यावं लागलं. नऊ महिने भरलेली बाई, माती उपसायच्या लोखंडी सुपात. ती बातमी पाहून लोकांनी हळहळ व्यक्त केली, जेसीबीवाल्याचं कौतुक केलं, ते केलंच पाहिजे, आणि पुढच्या बातमीकडं वळले. त्या दिवशी त्या तालुक्यात 'घर ते दवाखाना' चाललेली गाडी तेवढी एकच होती. तिला किलोमीटरचा मीटर नसतो, तासांचा असतो. ती विकायला आली तर कोणी सांगणार आहे का, भाऊ, ही खरी दवाखान्याची गाडी?

याच महामार्गावर, ज्यानं आमचे गृहस्थ जाणार आहेत, नागपूर सोडून पेंचच्या जंगलात शिरलं की वाघांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून घेतलाय. एक पूल तर साडेसातशे मीटरचा आहे. वाघ, बिबटे, गवे, सगळे खालून ये-जा करतात, तसे फोटो आहेत. वाघाशी माझं भांडण नाही. चंद्रपुरात राहून ते परवडतही नाही. पण साडेसातशे मीटर वाघाला मिळू शकतात तर वीस मीटरच्या नाल्यावर बाळंतिणीला का मिळत नाहीत, एवढं कोणीतरी त्या वाघासमोर उभं राहून सांगावं. रस्ता खराब म्हणाल तर आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यानं लोहखनिजाचे ट्रक जातात. रस्ता खराब आहे म्हणून त्यातला एखादा माघारी फिरल्याचं मी कधी ऐकलं नाही. मातीला बाहेर यायला रस्ता सापडतो. डॉक्टरला आत जायला सापडत नाही.

जे डॉक्टर खरंच आत जातात, आणि असे आहेत, त्यांच्या गाड्या नागपूर रोडवर उभ्या राहत नाहीत. त्यांचा क्लच घाटातच जातो, सायलेन्सर नाल्यात राहतो, दारं बैलबंडीच्या दोरीनं बांधलेली असतात. मीटर केव्हाच बंद पडलेला असतो. त्यांना गिऱ्हाईक एकच, भंगारवाला, आणि तोही भाव पाडून मागतो.

गृहस्थांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एखाद्यानं बायको वारल्यावर लोकांचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण मी फिरायला चाललोय हो." तेही खरंच. त्यांना मी बोलतोय तरी कशाला? त्यांच्या हातात फक्त स्टिअरिंग आहे.

येत्या रविवारी निघतायत. टायरांखाली लिंबं ठेवायची आहेत, नारळ आणलाय. पहिला मुक्काम नागपूरला बहिणीकडं, ती डबा देणार आहे. मेहुण्यांना चार दिवस सुट्टी असल्यानं ते सोलो ट्रिपमध्ये झाशीपर्यंत सोबत येतो म्हणतायत. जाताना गृहस्थांनी मला मोबाईलवर एक यादी दाखवली. रात्र रात्र जागून केलेली. जामपासून लेहपर्यंत महामार्गाला लागून असलेले दवाखाने, फोन नंबर, रात्री डॉक्टर असतो की नाही, गाडी लावायला जागा आहे की नाही. प्रत्येक तासाच्या अंतरावर निदान एक तरी हवाच, ही त्यांची अट होती आणि ती जवळजवळ सगळीकडं पुरी झालीय. फक्त कारगिलच्या अलीकडं एका ठिकाणी दीड तासाचं अंतर पडतंय, तेवढ्यानं त्यांची झोप उडालीय.