उतरती रेघ

आयटीवाल्यांच्या भिंतीवर, म्हणजे आता जिरा नावाच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर, एक आलेख असतो: बर्नडाउन. (नक्की जळतं कोण, हे त्यात दाखवत नाहीत.) उभ्या अक्षावर उरलेलं काम, आडव्यावर स्प्रिंटचे, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्याचे, दिवस. घसरगुंडीसारखी एक आदर्श रेघ, आणि शेजारी टीमची खरी. ही खरी रेघ नऊ दिवस दख्खनच्या पठारासारखी सपाट असते आणि दहाव्या दिवशी चहानंतर कोकणकड्यावरून उडी घेते. काम तेव्हा होत नाही. कामांची कार्डं तेव्हा 'डन'कडे सरकतात.

सपाट रेघ साहेबांना बघवत नाही. मग पाच पॉइंटांच्या (काम मोजायचं आमचं माप) कामाचे तुकडे पडतात, टेस्टिंग बाकी असलेलं 'डन'मध्ये जातं, अगदीच न जमलेलं गुपचूप पुढच्या स्प्रिंटमध्ये. आकडा शून्यावर! पंधरा दिवसांनी तेच काम बग होऊन, नवे पॉइंट घेऊन परत येतं. म्हणजे टीमचा वेगही वाढला.

स्प्रिंटची ही पद्धत म्हणजे स्क्रम; तिचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या 'स्क्रम गाइड'ने हा आलेख सक्तीचा नाही, असं २०११ मध्येच सांगून टाकलंय. आमच्याकडे ते अजून बॅकलॉगमध्ये आहे.