दारं धरणाऱ्याची बॅटरी

इस्लामपूरहून निघून, पेठ नाका ओलांडून शिराळ्याच्या रस्त्याला लागलेल्या हौशी भटक्याच्या सॅकमध्ये सगळ्यात वर हेडलॅम्प असतो. खोक्यावर ‘50,000 ल्युमेन’ छापलेला. स्वारी निघालेली असते चांदोलीला. 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडणारं हे जंगल पर्यटकाला अंधार पडायच्या आत बाहेर काढतं. म्हणजे बिबट्याच्या डोळ्यांत डोळे घालायला घेतलेला हा उजेड शेवटी पडतो मुक्कामाच्या अंगणात, ताटातल्या पिठल्यावर. पिठल्याला इतक्या उजेडाची सवय नसते. गंमत अशी, की वाटेत दुतर्फा ऊस असतो आणि त्या उसात रात्री कपाळाला बॅटरी बांधून फिरणारी माणसंही असतात. दणकट हेडलॅम्प कसा निवडावा हे त्यांच्याकडून शिकावं, असं माझं म्हणणं आहे. पण भटका गाडीची काच वर करून, मोबाइलवर परदेशी गिर्यारोहकाचा सल्ला ऐकत पुढं जातो.

कृषिपंपाची वीज पाळीनं येते. रातपाळी आली की वाळवा तालुक्यातला शेतकरी दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी वळवायला, रानात जातो. दोन्ही हात खोऱ्यात गुंतलेले, पाय चिखलात, वरून दव, बाजूनं उसाचा पाला. सरीला पाणी लागलं की नाही ते बघायचं आणि पुढच्या पावलाखाली घोणस किंवा मण्यार नाही ना, तेही. मण्यार तर रात्रीचीच फिरणारी. हे सगळं चालतं पाच-दहा मीटरांच्या आत. तेव्हा उजेड हवा पायापुढं पसरणारा, मऊ, आणि वीज जाईपर्यंत टिकणारा. दोनशे मीटरवरचा डोंगर उजळून त्याला करायचं काय? डोंगर काही सरी फोडत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांचा हिशेब शाळकरी आहे. चांगल्या एलईडीतून एका वॅटला साधारण शंभर ल्युमेन मिळतात असं धरलं, तर 50,000 ल्युमेनला पाचशे वॅट लागतील. म्हणजे कपाळावर स्वयंपाकघरातला मिक्सर चालू ठेवल्यासारखंच. आत असतो तो 18650 सेल. अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट लांबीचा हा सेल चांगला असला तर साधारण 3,500 मिलिअँपिअर-तासांचा असतो. त्यावर कुणी 9,900 छापलं असेल, तर तो छपाईचा पराक्रम. 3.7 व्होल्टनं गुणलं की तेरा वॅट-तास होतात. हजार ल्युमेनवर तो सव्वा तासात आटोपणार, पन्नासवर दोन-तीन रात्री सहज काढणार. अमेरिकेच्या एफएल-1 मानकात तर दिव्याचा ‘चालू काळ’ उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात, आणि ‘पल्ला’ मोजतात पौर्णिमेच्या चांदण्याइतका म्हणजे पाव लक्स उजेड जिथवर पोचतो तिथवर. थोडक्यात, कोजागरीला हा पल्ला चंद्र फुकट देतो, तोही अख्ख्या तालुक्याला.

‘पण बिबट्या?’ ही हरकत रास्त आहे. वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्या आहे, ही काही ऐकीव दहशत नाही. पण त्याला शोधायला प्रखर झोत लागत नाही. दिवा आपल्या डोळ्यांजवळ असल्यामुळं त्याच्या डोळ्यांवरून परतलेला उजेड थेट आपल्याकडं येतो. बेताचा दिवाही ते डोळे चमकवतो. उलट झोताखाली समोरचं पांढरंफटक दिसतं आणि बाजूचं सगळं काळं. बिबट्या बहुतेक बाजूलाच असतो. एकट्यानं न जाणं आणि मोठ्यानं बोलत राहणं यांचा उपयोग जास्त. तरीही मधूनच लांबचा बांध बघायचा असेल तर दोन झोतांचा दिवा घ्यावा, एक पसरट, एक लांबचा. इतकी सवलत मी भटक्याला देतो.

दुसरी हरकत पावसाची. पाथरपुंजसारखी महाराष्ट्रातली सर्वाधिक पावसाची ठिकाणं याच डोंगररांगेत आहेत, तेव्हा जलरोधक दिवा हवाच. आयपीएक्स-4 म्हणजे चहूबाजूंच्या शिंतोड्यांना पुरेसा. आयपीएक्स-7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तगणारा. पाटात पडणाऱ्या वस्तूला दुसराच बरा. मात्र धुक्यात हजारभर रुपये जास्त मोजूनही कपाळावरचा दिवा फसतो: थेंबांवरून परतलेला उजेड डोळ्यांतच येतो आणि पुढं पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी दिवा काढून कमरेशी धरायचा. म्हणून पट्टा झटकन निघणारा, धुता येणारा हवा. घामानं ताठ झालेला पट्टा दिव्याच्या आधी मरतो, आणि खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

दणकटपणा म्हणजे नुसतं जाड प्लास्टिक, हा समज दुकानदारांना सोयीचा आहे. सेल बाहेर काढून बदलता येत नसेल, तर दिवा कितीही आपटून तगला तरी सेल दमला की खेळणंच. ओल्या, चिखलाच्या बोटांनी दाबता येईल असं मोठं बटण हवं, आणि ते सॅकमध्ये आपोआप दाबलं जाऊ नये. नाहीतर हजारो ल्युमेनचा हा सूर्य कोकरूडच्या अलीकडंच, टॉवेल आणि चिवड्याच्या पिशवीच्या मध्ये, एकट्यानं तळपून मावळतो.