तोफेची दारू कुठून येते?

पडद्यावर तोफ उडाली की शिट्ट्या पुण्यातही वाजतात आणि भंडाऱ्यातही. पण तोफा-बंदुकांना लागणारी दारू आमच्या भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तयार होते. त्यामुळे युद्धपट बघताना इथल्या माणसाचा हिशेब जरा वेगळा असतो. माझा सांगतो. पटला नाही तर खुशाल भांडा.

‘बॉर्डर’ (१९९७) कितीदा पाहिला, मोजलं नाही. तरी माझा कौल ‘हकीकत’ला. १९६२ च्या चीन युद्धाची जखम ओली असताना, दोनच वर्षांनी, चेतन आनंद यांनी लडाखमधल्या मागे हटणाऱ्या तुकडीची गोष्ट सांगितली. पराभवावर सिनेमा काढायला छाती लागते. त्यात रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर एका गाण्यात एकत्र येतात आणि आठवण काढतात ती घरच्या माणसाची. शत्रूला एक शिवी नाही. ‘बॉर्डर’मधलेही लोंगेवालाचे रणगाडे पुसट होतात, चिठ्ठीचं गाणं मात्र राहतं.

चॅप्लिनला हे फार आधी उमगलं होतं. त्याचा ‘शोल्डर आर्म्स’ १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपायला काही आठवडे उरले असताना आला. खंदकात टपाल येतं, चार्लीला चिठ्ठी नाही. मग तो दुसऱ्या शिपायाच्या खांद्यावरून त्याची चिठ्ठी वाचतो; तो हसला की हसतो, तो चिंतेत पडला की हाही पडतो. मला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला विनोदी प्रसंग हाच, आणि युद्धाचाही हाच.

विनोदी सिनेमालाही मी हाच हिशेब लावतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मी ‘धूमधडाका’च्या वर ठेवतो, कारण तिथली अडचण खरी आहे. पुण्यात चार पोरांना राहायला जागा मिळत नाही, बस्स. पुढचा सगळा गोंधळ, बाईचं सोंग घेण्यासकट, त्या एका गरजेतून निघतो. आणि लुगडं नेसलेला गडी आमच्या झाडीपट्टीला काय नवा? दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्र-रात्र दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं बघत आम्ही वाढलो. बाईचं सोंग कुठे कला होतं आणि कुठे नुसती टवाळी, हे आम्हाला लगेच कळतं. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती डोहाळजेवणाला बसते तेव्हा ते बाईला हसत नाहीत. पकडले जाण्याची त्या पोराची धास्ती आपल्याला हसवते. म्हणून सगळं घर एकत्र बसून तो सिनेमा बघू शकतं.

आता पुन्हा दारूकडे. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं, कामगारांचे जीव गेले. सीमेवरच्या जवानाची वाट बघणारी घरची माणसं मी कितीतरी सिनेमांत पाहिली. डबा घेऊन पाळीवर गेलेल्या कामगाराची वाट बघणारं घर मी पाहिलेल्या एकाही युद्धपटात नाही. गोळी सुटते, पण ती भरणारा हात पडद्यावर येतच नाही. चेतन आनंद आज असते तर मी त्यांना जवाहरनगरच्या गेटवर घेऊन गेलो असतो, पाळी सुटायच्या वेळेला.