मागं हूक पाहिजे

वाटूर फाट्यावर ‘जुनी गाडी घ्यायचीय’ हे वाक्य मोठ्यानं बोलू नये. जालन्याहून येणारा, मंठ्याला जाणारा आणि परतूरकडं वळणारा असे सगळे तिथं चहाला थांबतात आणि प्रत्येकाच्या पाहण्यात एक गाडी असते. “आमच्या साडूची हाय, एक रुपयाचं काम नाही!” साडूची गाडी गावोगाव असते. साडू मात्र कधी दिसत नाही.

माझी गरज तशी साधी. रोज जालन्याला नोकरीवर जायचं, संध्याकाळी घरी यायचं आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाचशे लिटरची टाकी बसवलेली छोटी ट्रॉली मोसंबीच्या बागेपर्यंत ओढून न्यायची. बाग लहान आहे, पण तिचा दरारा मोठा. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यात लोकांनी टँकरनं पाणी घालून मोसंबी जगवली आणि ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी डोळ्यांदेखत झाडं तोडली. तेव्हापासून शिमगा झाला की आमचे आबा टाकीवर वाजवून बघतात. त्यामुळं रंग, मायलेज, एसी हे सगळं मागाहून. आबांची अट एकच होती : “मागं हूक पाहिजे.”

गोम अशी, की रोजची गाडी आणि ओढायची गाडी यांची पत्रिका जुळत नाही. रोजच्याला हलकी, कमी पिणारी छोटी कार बरी. पण तिची ताकद पुढच्या चाकांना. मागं वजन अडकवलं की बूड दबतं, नाक वर होतं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच जमिनीवर हलकी होतात. आमच्या काळ्या रानात अशी गाडी जागच्या जागी चाकं फिरवून स्वतःसाठी खड्डा तयार करते. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, ट्रॉलीचं लोखंड निराळं. त्यात टाकी अर्धवट भरलेली असली तर आणखी पंचाईत. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढं येऊन धक्का देतं. हे सगळं शास्त्र मी आबांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग भरून ने की.”

म्हणजे चासीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी, डिझेलची गाडी. आमच्याकडं याचा अर्थ सुमो, ट्रॅक्स किंवा बोलेरो. सुमो हे नाव टाटांकडच्या सुमंत मूळगावकरांवरून पडलं. ती १९९४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली, त्यामुळं बाजारात भेटणारी सुमो बहुधा आजोबांच्या वयाची. बोलेरोत पुन्हा दोन पंथ. अडीच लिटर इंजिनची जुनी, आणि २०१६ साली करात बसावी म्हणून चार मीटरच्या आत आणलेली दीड लिटरची. आमचे मिस्त्री जुन्या पंथाचे. “ती पळत नाही, पण ओढती,” हे त्यांचं मत. घरच्यांच्या मते माझंही तसंच आहे, फक्त दुसरा अर्धा भाग सोडून.

एका दलालानं ‘डॉक्टरची गाडी’ दाखवली. डॉक्टरची, मास्तरची नाहीतर रिटायर साहेबाची, एवढ्या तीनच घरांतल्या गाड्या विकायला निघतात. बाकीचा महाराष्ट्र बहुतेक पायी फिरतो. या डॉक्टरांच्या गाडीत सीटखाली सोयाबीनचे दाणे होते आणि टपावर दोरखंडाचे वळ. डॉक्टर पेशंटला पोत्यात भरून नेत असावेत. मीटर साठ हजार किलोमीटर सांगत होतं, पण क्लचच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालेलं. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरला आणि म्हणाले, “दम मारायलंय. हाफ इंजिन करावं लागंल.” मग सायलेन्सरमागचा निळा धूर दाखवला. काळा धूर असता तर डिझेल जास्त जातंय म्हणून भागलं असतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. नंतर हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून त्यांनी क्लच सोडला. गाडी तिथंच बंद पडायला हवी. ही निवांत चालू राहिली. दलाल म्हणाला, “बघा, कशी बंदच पडत नाही!”

हूकही होता म्हणा, पण बंपरला वेल्डिंग केलेला. त्यानं टाकी जागेवर राहिली असती आणि बंपर बागेत पोचला असता.

कागदांचं तर बोलायलाच नको. आपला माणूस सातबाऱ्यावरचा बोजा डोळ्यांत तेल घालून वाचतो आणि आरसीवरची बँकेची नोंद बघतसुद्धा नाही. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो, नावावर करायला २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असली तर २८ नंबरची एनओसी. एमएच १२ ची पाटी बघून ‘पुण्याची गाडी म्हणजे निगुतीची’ म्हणणारे इथंच अडकतात. खासगी गाडीची पंधरा वर्षं भरली की पासिंग पुन्हा, आणि तेही पाचच वर्षांपुरतं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी. हे ऐकल्यावर आबा म्हणाले, “आता टाकीचंबी आधार कार्ड काढ.”

शेवटी एक जुनी बोलेरो मिळाली. पाटे खणखणीत, धूर बेताचा, हूक थेट चासीला. बाग खूश झाली. गावही झालं. हूक दिसला की माणसाला आपली कुठंतरी फसलेली गाडी आठवते. पहिल्या पावसात शेजाऱ्याचा पिकअप, मग कुणाच्या तरी पाव्हण्यांची कार, एकदा तर चक्क वरातीची गाडी; नवरदेवाचा चुलता मला “टोचनवाले” म्हणूनच हाक मारत होता. १९८९च्या रस्ता नियमांत टोचनाला ताशी २४ किलोमीटरची मर्यादा होती, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागच्या गाडीवर लायसनवाला माणूस हवा. पावसाळ्यात आमच्या शिवारात २४चा वेग गाठून दाखवणाऱ्याचा मी सत्कार करीन. लायसनवाला मात्र खरंच मिळत नाही. मागच्या गाडीवर हमखास तो बसतो, ज्यानं ती चिखलात घातलेली असते.

तुम्हाला वर्षातून चार-दोनदाच टाकी न्यायची असेल, तर रोजच्याला छोटी कार घ्या आणि त्या दिवसांपुरता ट्रॅक्टर भाड्यानं सांगा. हिशेबात तेच बसतं. आणि घरात आबा असल्यामुळं हिशेब चालतच नसेल, तर घ्या हूकवाली. फक्त लावताना तोंड रस्त्याकडं आणि हूक भिंतीकडं ठेवा.