टपरीस्थ बँडविचार

अधिवक्त्याच्या कंठाग्रापासून अधोमुख लोंबणाऱ्या श्वेत, द्विदल वस्त्रखंडास व्यवहारात बँड म्हणतात. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 49 अन्वये भारतीय वकील परिषदेने केलेल्या नियमांत अशी आज्ञा आहे की, विहित समारंभप्रसंग वगळता, बँड अथवा गाऊन न्यायालयाखेरीज अन्य सार्वजनिक स्थळी परिधान करू नये. आज्ञा निःसंदिग्ध आहे. तथापि न्यायालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी असते, आणि भाष्यकारांनी तिची अक्षम्य उपेक्षा केली आहे.

प्रथम विषयमर्यादा. उच्च व सर्वोच्च न्यायालयांखेरीज अन्यत्र गाऊन ऐच्छिक असल्याने जिल्हा व तालुका स्तरावरील टपरीशास्त्रात तो गौण होय. या जिल्हा व तालुका न्यायालयांत उन्हाळ्यापुरती काळ्या कोटासही सूट आहे. बँडास ऋतूचा दिलासा नाही. सबब वैशाखातील अधिवक्ता टपरीवर कोटरहित परंतु बँडसहित अवतरतो, आणि दोष अभ्यासकास निखळ स्वरूपात उपलब्ध होतो.

टपरीगामी अधिवक्ते चतुर्विध होत.

1. विमोचक. हा फाटकाच्या आतच बँड उतरवून खिशात ठेवतो. आचार शुद्ध, परंतु दुर्मीळ; सनद बहुधा नवी असते. याचे संकट म्हणजे पुकारा. विहित वेशातच न्यायालयापुढे उभे राहावे अशीही आज्ञा असल्याने, अर्धा कप उरलेला असता पुकारा झाल्यास यास एका नियमातून दुसऱ्या नियमात धावत जावे लागते. हुक मानेमागे असतो आणि मान घामेजलेली असते. या अवधीत दावा गैरहजेरीत निकाली निघाल्यास अशिलास नियमपालनाचे समाधान पुरत नाही.

2. गोपक. हा बँड काढीत नाही, झाकतो. याचे दोन उपसंप्रदाय: रुमालपंथी व फाइलपंथी. रुमालाने नियमभंग आणि चहाचा डाग या दोहोंचे एकत्र निवारण होते, असे पहिल्यांचे प्रतिपादन. फाइलपंथीय यास हेतुसंकर म्हणून दूषण देतात. मात्र छातीशी फाइल धरल्याने त्यांचा एकच हात मोकळा राहतो व बशी त्यांस कायमची वर्ज्य ठरते.

3. स्थलवादी. याच्या मते विचार बँडाचा नव्हे, भूमीचा करावा. टपरी न्यायालयाच्या कुंपणास टेकलेली. तेथे अशील, साक्षीदार, प्रतिपक्षाचे वकील सारेच उपस्थित. तडजोडी तेथेच होतात. सबब टपरी हा न्यायालयाचाच विस्तार होय. युक्तिवाद कुशल आहे, परंतु अतिव्याप्तीने दूषित. टपरी ग्राह्य धरल्यास तिला टेकलेली पानपट्टी नाकारता येत नाही, पानपट्टीस टेकलेले झेरॉक्सचे दुकान नाकारता येत नाही, आणि अशा रीतीने न्यायालय एस. टी. स्थानकापर्यंत पोहोचते. कलम 35 मधील ताकीद, निलंबन व सनदेची समाप्ती यांपैकी कोणताही दंड या पंथास भेडसावत नाही, ही त्याच्या अनुयायांची संख्या पाहता ध्यानात घेण्याजोगी बाब आहे.

4. आनयनवादी. हा स्वतः न जाता चहा बाररूममध्ये आणवितो. नियम अक्षत राहतो, बँडही. प्रस्तुत लेखकाचा कल याच पक्षाकडे आहे. येथे चहा उधारीवर चालतो. महिनाअखेर ती चुकती करण्यास जो अधिवक्ता फाटकाबाहेर जाईल, त्याचे वर्गीकरण प्रकार 1 ते 3 मध्ये यथास्थित करावे.