एका मताने

मार्चमधल्या त्या सोमवारी पहाटे सहाला फोन वाजला. एवढ्या पहाटे फोन आला की जे कुणाच्याही मनात येतं तेच माझ्या मनात आलं. धडधडत्या छातीनं मी फोन कानाला लावला, तर पलीकडून काका. "झोपलास की काय? अरे, सहाय्यक अभिनेत्याचं जाहीर झालंसुद्धा!"

हे आमच्या सोसायटीतले ऑस्करकाका. तुमच्या सोसायटीतही असतीलच. बँकेतून निवृत्त, सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तीन फेऱ्या आणि मग बाकावर दीड तास. नरकचतुर्दशी सोडली तर काका पहाटे उठून अंघोळ करतात असा वर्षातला हा एकच दिवस. साडेपाचला सोहळा सुरू होतो. त्याआधी टीव्हीसमोर चहाचा थर्मास, मारी बिस्किटं आणि एक जाड वही मांडून झालेली असते. वहीत डावीकडे नामांकनं, उजवीकडे निकाल आणि मधल्या रकान्यात काकांचा शेरा. शेरे बँकेच्या तपासणीत मारतात तसे: 'अमान्य', 'संशयास्पद', 'खुलासा मागवावा'.

वहीतला एकही सिनेमा काकांनी पाहिलेला नसतो. मी एकदा हे बोलून दाखवलं. "म्हणून तर मी निष्पक्ष आहे," ते म्हणाले. अकरा ऑस्कर मिळवणारा 'टायटॅनिक' मात्र ते थिएटरात जाऊन पाहायला बसले होते, पण चित्र काढायचा प्रसंग आला तसे मुलीचा हात धरून बाहेर पडले. जहाज बुडालं हे त्यांना ऐकून माहीत आहे.

पण काकांची खरी जखम 'मदर इंडिया'. १९५८ साली परदेशी सिनेमाचं ऑस्कर त्याच्या हातून निसटलं आणि ते एका मताने निसटलं, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, हे मी काकांना तीनदा सांगितलं आहे. "ते कशाला जाहीर करतील? तोंड आहे का त्यांना?" बरं, ऑस्कर गेलं कुणाला? फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला. त्याची नायिका रोममधली वेश्या. इथे काकांचा आवाज चढतो आणि ट्रॅकवर धावणारे दोन-चार जण वेग कमी करतात. "आमची राधा अब्रूसाठी पोटच्या पोराला गोळी घालते, आणि यांनी बक्षीस दिलं कुणाला? हे हॉलिवूडचे संस्कार! एका मताने!"

तेव्हापासून जगात जे जे हरलं ते एका मताने हरलं. 'लगान'? एका मताने. 'श्वास'साठी लोकांतून वर्गणी गोळा झाली होती, त्यात काकांचे 101 रुपये असल्यामुळे त्या सिनेमाकडे ते भागधारकाच्या नजरेनं बघतात. तो नामांकनापर्यंतही पोचला नव्हता, हे मी निदर्शनास आणलं. "तिथेही एकच कमी पडलं." फाळक्यांवरच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चं तेच, 'कोर्ट'चं तेच. भाचीचं स्थळ मोडलं तेही एका मताने, मुलाच्या आत्याचं. पानिपताबद्दल मी अजून विचारलेलं नाही.

खरोखर एका मताने हरलेली निवडणूक मला एकच माहीत आहे, ती आमच्या सोसायटीची. कमिटीत एक जागा रिकामी झाली. उमेदवार दोन: एक काका, दुसरे समोरच्या विंगेतले गृहस्थ, ज्यांची गाडी गेटसमोर आडवी लागलेली असते. 44 फ्लॅट, मतं पडली 43. काका 21, गाडीवाले 22. निकाल ऐकून आम्ही काही जण जिन्यात तोंड दाबून हसलो. आणि गंमत म्हणजे उठल्यासुटल्या 'एका मताने' म्हणणाऱ्या काकांनी त्या निकालाचा नंतर कधी चकार शब्द काढला नाही.

तर त्या सोमवारी, २०२५ साली, 'अनोरा'ला पाच ऑस्कर मिळाली आणि काका ट्रॅकवर वही घेऊनच आले. "बघ. १९५८ साली वेश्या, आज कोण? क्लबात नाचणारी. 67 वर्षांत काही सुधारणा?" ट्रेलर त्यांनी आवाज बंद करून पाहिला होता, काकू स्वयंपाकघरात होत्या म्हणून. शॉन बेकर या एकाच माणसाला एका रात्रीत, एकाच सिनेमासाठी चार ऑस्कर मिळाली, याचा तर त्यांना फारच राग. "चेअरमन तोच, सेक्रेटरी तोच, खजिनदार तोच! सहकार खात्यानं चालवून घेतलं असतं का?"

बँक त्यांच्या अंगातून गेलेलीच नाही. २०१७ साली मंचावर चुकीचा लिफाफा गेला आणि 'मूनलाइट'ऐवजी 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं, तेव्हा जग हसलं. काका मात्र व्यथित झाले होते. "दोन सह्यांशिवाय आम्ही ड्राफ्ट सोडला नाही कधी." आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर घेणाऱ्या पहिल्या भारतीय. बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून त्यांनी ती २०१२ साली अकादमीकडेच परत पाठवली. काकांचा जीव हळहळला. "अगं बाई, लॉकर दिला असता की!"

त्या दिवशी मीही इरेला पेटलो. म्हटलं, "काका, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा ते कोठ्यांवर जाऊन आले होते. त्या बायकांनीसुद्धा सिनेमात काम करायला नकार दिला. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. मग संस्कारांचं काय?"

काका क्षणभर थांबले. मला वाटलं, जिंकलो.

"बघ! आपल्याकडे त्यांनासुद्धा संस्कार होते!" आणि वर म्हणाले, "त्याच साळुंक्यांनी 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. दोन ऑस्कर एकाच माणसाला, नटाचं आणि नटीचं. पण द्यायला होतं कोण? यांचं ऑस्कर सुरू झालं १९२९ साली. सोळा वर्षं उशिरा आले लेकाचे, आणि आपल्याला सिनेमा शिकवतात." शॉन बेकरला चार नकोत, साळुंक्यांना दोन चालतील. यावर मी काहीच बोललो नाही.

बार्बरा स्ट्रायसँडचा किस्सा काका हमखास शेवटाला ठेवतात. १९६९ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी कॅथरिन हेपबर्न आणि स्ट्रायसँड यांना बरोबर सारखी मतं पडली आणि ऑस्कर दोघींना मिळालं. स्ट्रायसँडला पहिला सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच अकादमीनं सभासद करून घेतलं होतं, म्हणजे तिला मत होतं. तिनं ते कुणाला दिलं हे ती आणि मतपत्रिका जाणे. काका मात्र जाणतात. "स्वतःला! अरे, समोर हेपबर्नसारखी वडीलधारी बाई उभी, आणि ही स्वतःला मत देते? हातच कसा उचलतो?" हे सांगताना ते नेहमीसारखे चढ्या आवाजात बोलत नाहीत. हळू बोलतात, घरातली काही वाईट बातमी सांगावी तसे.

हा किस्सा मी इतक्यांदा ऐकला आहे की गेल्या महिन्यात काकूंकडे रिकामा डबा द्यायला गेलो तेव्हा तो मीच त्यांना काकांची नक्कल करून ऐकवला. काकू हसल्या. मग डबा फडक्यानं पुसत म्हणाल्या, "अरे, हे काय सांगतोस मला. सोसायटीच्या त्या निवडणुकीत यांनी मत कुणाला दिलं माहीत आहे का? त्या गाडीवाल्याला. मी म्हटलं, अहो, डोकं फिरलं का तुमचं? तर म्हणाले, आपणच उभे राहायचं आणि आपल्यालाच मत द्यायचं, बरं दिसत नाही. आणि आपल्या मताची गरजच काय, बाकी माणसं आपलीच आहेत."

आतल्या खोलीतून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. पुढच्या वर्षीचे रकाने आखणं चाललं होतं.

त्या रविवारी मतदान दहा ते बारा होतं. मी त्या वेळी मखमलाबाद रोडला मिसळीच्या रांगेत उभा होतो.